काळजाला घरं

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी पेटी आली.
निळी, प्लास्टिकची, झाकणाला चिकटपट्टी.
कुवेतच्या मासळीबाजारात झुबैदी अशाच पेटीत निजवतात,
आपल्याकडे जिला पापलेट म्हणतात.
बाहेर ऑगस्ट. गार गाडीतून उतरताच
ड्रायव्हरचा चष्मा वाफेनं आंधळा झाला,
सही त्यानं चाचपडत घेतली.

पेटी वर गेली. माझ्याकडे फक्त तुकडा येतो,
करंगळीच्या पेराहून लहान.
मिठाच्या पाण्यात बुडवू नकोस, कोरड्या फडक्यावर ठेवू नकोस,
नव्या पोराला दरवेळी सांगतो, दरवेळी तो मान डोलावतो.
उणे वीस अंशांत पातं फिरतं,
काप इतका पातळ की श्वास लागला तर उडेल.
मग रंग: आधी जांभळाचा डाग, वर आगळाचा.

डॉक्टर बुसैना मला बोंक्षे म्हणतात.
अरबीत प नाही. अकरा वर्षं झाली,
आता पोंक्षे म्हणून कुणी हाक मारली
तर वळायला क्षणभर वेळ लागतो.
"बोंक्षे, बघतोस?"
बघतो.
गुलाबी वस्तीत पांढरी, गोल, रिकामी भोकं.
चरबीच्या थेंबांच्या जागा.

आमच्या आळीत कुणाचा हातातोंडाशी आलेला मुलगा गेला
की बायका म्हणत, तिच्या काळजाला घरं पडली गं.
मला वाटे, बोलायची रीत.
अशी दिसतात ती,
आणि मोजावी लागतात.
"तीस टक्के," डॉक्टर म्हणाल्या, "चालेल," आणि फोन उचलला.

आपली भाषा या बाबतीत जरा ढिलीच.
छातीत धडधडतं तेही काळीज,
आणि खाटकाकडे मिळते ती कलेजीसुद्धा त्याच घरातली.
दोन अवयव, एक शब्द; कुणी उघडून पाहिलं नाही.

फॉर्मवर लिहिलंय: पुरुष, एकोणचाळीस, रक्तगट बी,
बर्फात सात तास वीस मिनिटं.
नाव माझ्यापर्यंत येत नाही, गाव येत नाही,
घरं तेवढी येतात.

चार अंशांवर पेशी लगेच मरत नाही.
थांबते. खर्च कमी करते, उधारीवर राहते.
फक्त रक्ताच्या बारीक वाटांना आतून जे अस्तर असतं
ते फुगतं, आखडतं, भिंत सोडू लागतं.
आणि खरा घाव तेव्हाही नाही.
पुस्तकात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटून
पुन्हा मागे आलो होतो:
खरा घाव ऊब परत आल्यावर.
गरम रक्त आत शिरतं
आणि इतके तास निमूट राहिलेलं सगळं
एकदम पेटतं.

मागच्या सुट्टीत, तीन वर्षांनी, गुहागरला,
मृण्मयीनं न विचारता पानात भात वाढला
आणि मी म्हणालो, थँक यू.
तिचा हात पातेल्यावर तसाच राहिला.
लेक माझ्याकडे बघत होती,
पाहुण्याकडे बघावं तशी.
असो.

पावणेआठला दुसरा तुकडा.
रक्त सोडून एक तास झालेला.
मधल्या शिरेभोवती काही पेशी फिकट, सुजलेल्या,
पांढऱ्या पेशींची गर्दी, अपघाताभोवती जमते तशी.
डॉक्टर बुसैनांनी खूप वेळ पाहिलं.
मी उगाच पात्याची पेटी पुसत राहिलो.
"खफीफ," त्या म्हणाल्या. सौम्य.
मग वरून कुणीतरी फोनवर ओरडलं,
नळीत सोनेरी थेंब उतरलाय, पित्त आलं!

बसमध्ये सगळे झोपलेले, फरवानियापर्यंत.
घरून फोन.
आवाज असा का रे, तिनं विचारलं.
पित्त आलं, मी म्हणालो, हसतच होतो बहुतेक.
"येणारच. जागरणं कर अजून.
आवळासुपारी आहे का संपली?"
आहे, म्हटलं.